आनंदी मन, शहाणे मन: ठाणे आणि नवी मुंबईतल्या विश्वासणाऱ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, नेरुळ या पट्ट्यात घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभांत बायबल मिटून चहा आला की खरे प्रश्न निघतात. त्यांतले पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत कॅथलिक आहेत, वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतले आहेत, नुकतेच विश्वासात आलेले आहेत आणि नुसते कुतूहल असलेलेही आहेत. उत्तरे एका संसारी विश्वासणाऱ्याची आहेत. मंडळ्यांमध्ये जिथे मतभेद आहे तिथे तसे सांगितले आहे. कंसातले संदर्भ आपल्या बायबलमध्ये जरूर उघडून पाहा.

१. आनंदी मन आणि शहाणे मन या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत का? तुम्ही त्या नेहमी एकत्र का सांगता?

बायबलच त्या एकत्र सांगते म्हणून. नीतिसूत्रे हे पुस्तक मुळात शहाणपणाचे. जीभ, पैसा, आळस, शेजारी, न्याय असे त्याचे विषय. तरी त्याच पुस्तकात येते की आनंदी अंतःकरण औषधासारखे गुण देते आणि खचलेला जीव हाडे सुकवतो (१७:२२). शहाणपण नसलेला आनंद दुसऱ्याच्या दुःखावर पाय देऊन पुढे जातो. आनंद नसलेले शहाणपण घरातल्यांना टोचत राहते. मयताच्या घरी जाऊन मोठ्याने स्तुतिगीत सुरू करणारे आपण पाहिले आहेत, आणि शेकडो वचने पाठ असून सुनेशी सरळ न बोलणारेही पाहिले आहेत. दोघांचेही काहीतरी अर्धे राहिले आहे.

२. मला पगारवाढ झाली की आनंद होतो. ख्रिस्ती आनंद याहून वेगळा असतो का?

पगारवाढीचा आनंद खोटा नाही, त्याला कमी लेखू नका. आनंदाने जेवावे, प्यावे, ही देवाची देणगी आहे असे उपदेशक या पुस्तकात स्पष्ट म्हटले आहे (३:१३). फरक एवढाच की तो आनंद कारणावर उभा असतो आणि कारण गेले की जातो.

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ असे लिहिले (४:४) तेव्हा तो कैदेत होता, आणि खटल्यात आपण जगू की मरू हेही त्याला ठाऊक नव्हते. ज्या फिलिप्पै शहराला त्याने हे लिहिले, तिथेच काही वर्षांपूर्वी त्याला आणि त्याचा सहकारी सीला याला फटके मारून तुरुंगात टाकले होते आणि मध्यरात्री पायांत खोडा असताना ते दोघे गाणी गात होते (प्रेषितांची कृत्ये १६). त्या मंडळीने त्याचे पत्र वाचले तेव्हा हा माणूस आरामखुर्चीत बसून उपदेश करत नाही, हे तिला माहीत होते. त्याच पत्रात थोडे पुढे तो सांगतो की तृप्त राहायला मी *शिकलो* (४:११). हा शब्द मला फार धीर देतो. पौलासारख्यालाही ते आयते मिळाले नव्हते.

३. सुरुवात कुठून करू? बायबल उघडले की कुठे वाचायचे तेच कळत नाही.

फिलिप्पैकरांस पत्रापासून. अवघे चार अध्याय आहेत. ठाण्याहून वाशीची गाडी पकडली तर उतरण्याआधी पूर्ण पत्र वाचून होते. आठवडाभर तेच वाचा.

मग नीतिसूत्रे घ्या. अध्याय ३१ आहेत, म्हणून अनेक घरांत तारखेप्रमाणे रोज एक वाचायची पद्धत आहे. पहिले नऊ अध्याय सलग बोलतात, बाप मुलाला समजावतो तसे. दहाव्यापासून सुटी वाक्ये सुरू होतात. ती घाईने वाचली तर एकही लक्षात राहत नाही, तेव्हा रोज एकच निवडा आणि दिवसभर बरोबर ठेवा. रात्री झोपण्याआधी एक स्तोत्र. सगळी स्तोत्रे आनंदाची नाहीत. रडणारी, भांडणारी, देवाला जाब विचारणारी स्तोत्रेही पुष्कळ आहेत. ती गाळू नका. का, ते प्रश्न ७ मध्ये पाहा.

४. सकाळी सातला घोडबंदर रोडवर अडकतो, रात्री नऊला घरी येतो. प्रार्थनेला वेळ कुठून आणू?

तासभर गुडघ्यावर बसणे तुम्हाला जमणार नाही, आणि त्यासाठी स्वतःला दोष देत राहण्यात अर्थ नाही. दिवसात जे ठरलेले क्षण असतात त्यांना प्रार्थना जोडा. दाराला कुलूप लावताना घरातल्या प्रत्येकाचे नाव घेऊन एक वाक्य. बसमध्ये वा गाडीत जागा मिळाली की नीतिसूत्रांतले ते एक वचन. डबा उघडताना डबा करणाऱ्या हातांसाठी आभार. आभार मोघम नकोत. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ म्हटले की मन कुठेच थांबत नाही. ‘आज आईचे गुडघे कमी दुखले’ म्हटले की थांबते.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. माणसांची इतकी ये-जा होती की शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, तेव्हा येशूने त्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या असे सांगितले (मार्क ६:३१). आठवड्यातून एक दिवस ऑफिसचा ग्रुप बंद ठेवा. आकाशातल्या पाखरांकडे पाहा, असेही येशू म्हणाला (मत्तय ६:२६). आपल्याकडे ती आज्ञा अक्षरशः पाळता येते. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळीत ते गुलाबी थवे दिसतात. मुलांना घेऊन जा आणि मोबाईल खिशात राहू द्या. चिंता करणाऱ्या माणसासाठी हा प्रभूने स्वतः सांगितलेला उपाय आहे, आणि आपण तो फार क्वचित करून पाहतो.

५. रात्रीची उजळणी म्हणजे काय? ती फक्त कॅथलिकांसाठी आहे का?

सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी ही पद्धत घालून दिली. पण ती कोणत्याही मंडळीतल्या माणसाला करता येते, त्यात कोणाच्या शिकवणीला बाधा येईल असे काही नाही. झोपण्याआधी दहा मिनिटे बसायचे. आधी आजच्या गोष्टींसाठी आभार. मग दिवस नीट पाहता यावा म्हणून पवित्र आत्म्याजवळ प्रकाश मागायचा. मग सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस मनात फिरवायचा: कुठे मन मोकळे झाले, कुठे आखडले, कोणाशी तोडून बोललो. जिथे चुकले तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी कृपा मागून उठायचे.

यात आनंद आणि शहाणपण हातात हात घालून येतात, म्हणून मी ही पद्धत सगळ्यांना आग्रहाने सांगतो. काही आठवडे केली की आपल्या मनाचे धागेदोरे दिसू लागतात. अमुक माणसाशी बोलल्यावर आपण नेहमी चिडतो. अमुक बातम्या पाहिल्या की झोप जाते. उद्या काय टाळायचे आणि काय धरायचे हे त्यातून कळते. नव्वदाव्या स्तोत्रात नेमके हेच मागणे आहे: आम्हाला आमचे दिवस मोजायला शिकव, म्हणजे आम्हाला सुज्ञ अंतःकरण लाभेल (९०:१२).

६. उपासनेत आनंद व्यक्त करायला इंग्रजी आणि हिंदी गाणीच लागतात का? आमच्या आईला ती कळत नाहीत.

मुळीच नाही. मराठीत ख्रिस्ती भक्तिगीतांची परंपरा चार शतकांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर अभंगाच्या चालीत येशूची भजने लिहिली, ती आजही मराठी मंडळ्यांत पेटी-टाळांवर म्हटली जातात. आईला पुढे बसवा आणि तिच्या पाठ असलेल्या भजनाने सभा सुरू करा. तरुण मुले दुसऱ्या कडव्यापासून टाळ्या धरतात.

७. मला आतून आनंद होतच नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि बहुधा एकट्यात, हळू आवाजात येतो. उत्तर: नाही, एवढ्यावरून विश्वास कमी आहे असे म्हणता येत नाही.

८८वे स्तोत्र वाचा. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. शेवटी दिलासा नाही, तरी ते देवाला उद्देशून आहे आणि पवित्र शास्त्रात आहे. एलीया संदेष्टा इतका खचला की झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले (१ राजे १९). देवाने त्याला काय दिले? आधी झोप. मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. मग पुन्हा झोप, पुन्हा भाकर. बोलणे त्यानंतर आले, आणि त्यातही रागावणे नव्हते. आपल्या मंडळ्यांत खचलेल्या माणसाला लगेच वचन दिले जाते. त्याने जेवण केले आहे का, त्याची झोप होते का, हे आधी विचारा.

आनंद हे पवित्र आत्म्याचे फळ आहे असे पौल सांगतो (गलती. ५:२२). फळाला त्याचा ऋतू लागतो. देवाशी बोलणे सुरू आहे, अगदी तक्रारीचे का होईना, तोवर मूळ जिवंत आहे. मात्र उदासी आठवडे-महिने हटत नसेल, कामात, जेवणात, माणसांत मन लागत नसेल, तर पुढचा प्रश्नही वाचा.

८. डिप्रेशनच्या गोळ्या घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे का? आमच्याकडे तसे सांगतात.

तसे सांगणे चुकीचे आहे, आणि त्याने माणसांचे नुकसान होते. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो (कलस्सै. ४:१४). तीमथ्याच्या पोटाच्या त्रासावर पौलाने त्या काळचा घरगुती उपाय सुचवला (१ तीमथ्य ५:२३). नुसती प्रार्थना कर असे त्याने लिहिले नाही. मधुमेहाची गोळी घेताना कोणी विश्वासाचा प्रश्न काढत नाही, मग मेंदूच्या आजारालाच का काढावा?

आपल्या शहरात याला आणखी एक किनार आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्यात आहे, म्हणून ‘याला ठाण्याला पाठवा’ ही चेष्टा महाराष्ट्रभर चालते. त्या लाजेपायी इथली माणसे मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला उशीर करतात. निदान प्रार्थनासभेत तरी ही चेष्टा कोणी करू नये. टेलिमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या रविवारची वाट पाहू नका, आत्ता फोन करा आणि जवळच्या एका माणसाला सांगा. सुरू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, पाळकांनी सांगितले तरीही.

९. माझे पती गेले. सगळे म्हणतात, ‘रडू नका, ते प्रभूजवळ आहेत.’ रडणे चूक आहे का?

ताई, रडा. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला (योहान ११:३५). आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असे पौल म्हणतो (१ थेस्स. ४:१३), पण शोकच करू नका असे तो म्हणत नाही. आशा आणि अश्रू एका मनात राहतात. त्यांच्यापैकी एकाला बाहेर काढायची गरज नाही.

भेटायला जाणाऱ्यांसाठीही थोडे. खिन्न माणसापुढे गाणी गाणे म्हणजे थंडीच्या दिवशी त्याच्या अंगावरचे पांघरूण काढणे, असे नीतिसूत्रात आहे (२५:२०). संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र पुढे फार चुकीचे बोलले, पण पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ गप्प बसले होते (ईयोब २:१३), तेवढे त्यांच्याकडून शिकावे. डबा न्या. मृत्यूचा दाखला, बँक, पेन्शन यांच्या कागदांसाठी बरोबर चला. दफनानंतर दहा-बारा दिवसांनी पाहुणे पांगतात तेव्हा जा, खरी गरज त्या वेळी असते.

१०. आमच्या मंडळीतच दोन गट आहेत. तिथे गेले की उलट आनंद जातो. घरीच प्रार्थना केली तर?

प्रश्न २ मधले ‘सर्वदा आनंद करा’ हे वचन कुठे येते ते पाहा. त्याच्या अगदी आधी पौल मंडळीतल्या दोन स्त्रियांना एकचित्त व्हा अशी विनवणी करतो आणि त्यांना मदत करायला आणखी एकाला सांगतो (फिलिप्पै. ४:२-३). त्या दोघीही सुवार्तेसाठी त्याच्याबरोबर झटलेल्या होत्या. म्हणजे भांडण चांगल्या माणसांमध्येही होते आणि तिसऱ्याने हात लावल्याशिवाय ते बहुतेक मिटत नाही. शक्य असेल तर तो तिसरा तुम्ही व्हा. दोघांकडे वेगवेगळे जा आणि एकाचे बोलणे दुसऱ्याला पोहोचवू नका.

याला अपवाद आहे. पैशांचा अपहार, बायका-मुलांशी गैरवर्तन, पाळकाची दहशत असे काही असेल तर तो गटबाजीचा प्रश्न राहत नाही. तिथे जुळवून घेऊ नका. वरिष्ठांकडे तक्रार करा. गुन्हा असेल तर पोलिसांकडे जा, आणि स्वतःला व मुलांना सुरक्षित जागी न्या.

११. नोकरी बदलावी का, फ्लॅट घ्यावा का, देवाची इच्छा कशी ओळखू? चिठ्ठ्या टाकल्या तर चालतील का?

ज्याला शहाणपण उणे आहे त्याने देवाजवळ मागावे, तो दोष न लावता देतो (याकोब १:५). मागा, आणि मग डोके वापरा. देवाने दिलेले शहाणपण डोक्यातूनच काम करते.

चिठ्ठ्यांचे म्हणाल तर प्रेषितांनी यहूदाच्या जागी माणूस निवडताना चिठ्ठ्या टाकल्या (कृत्ये १:२६), पण ते पवित्र आत्मा उतरण्याआधी. त्यानंतर नव्या करारात विश्वासणाऱ्यांनी असे केल्याचे कुठे येत नाही. गिदोनाने लोकर दवाने ओली किंवा कोरडी राहण्याची खूण देवाकडे मागितली, तो दाखलाही खूप जण देतात. पण काय करायचे ते देवाने गिदोनाला आधीच स्वच्छ सांगितले होते, तो फक्त घाबरला होता (शास्ते ६). डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन घ्यायचे, याला मी तरी निर्णय म्हणणार नाही.

मग करायचे काय? हितशत्रू नसलेल्या दोघा-तिघांचा सल्ला घ्या (नीतिसूत्रे १५:२२). वरून येणारे ज्ञान शांतिप्रिय आणि समजून घेणारे असते (याकोब ३:१७), तेव्हा ईर्ष्येने तापलेल्या मनाने ठरवलेल्या गोष्टीवर संशय घ्या. इग्नेशियस यांचा एक नियम इथे फार उपयोगी आहे: मन उजाड झाले असताना आधी शांतपणे केलेला निर्णय बदलू नये. बॉसने झापले त्याच रात्री राजीनामा लिहू नका.

फ्लॅटसाठी येशूचेच बोलणे पुरेसे आहे: बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो (लूक १४:२८). घोडबंदर रोडवर नाहीतर खारघरला टॉवरमधला नमुना फ्लॅट पाहून आल्यावर हे वचन वाचा. हप्ता, मेंटेनन्स, पार्किंग, मुलांची फी, आईवडिलांचे औषधपाणी हे सगळे कागदावर मांडा. दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने गेली तर काय, हेही लिहा. ‘विश्वासाने घेतले’ असे म्हणून बुकिंगची रक्कम भरणारी कुटुंबे पुढे कर्जाखाली वाकतात आणि घरात हसणे उरत नाही.

१२. उपासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) आनंदी राहायचे की गंभीर?

दोन्ही. उपास करताना चेहरा म्लान करू नका, तोंड धुवा असे येशूने सांगितले आहे (मत्तय ६:१६-१८). कॅथलिक गणनेत त्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, कारण रविवार पुनरुत्थानाचा दिवस आहे.

१३. कॅथलिक मैत्रीण सीराखच्या पुस्तकातले आनंदाचे वचन सांगते. आमच्या बायबलमध्ये ते सापडत नाही.

कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. सीराख त्या जास्तीच्या सातांतले. ती बहुधा तिसाव्या अध्यायातले वचन सांगत असेल: मनाचा आनंद आयुष्य वाढवतो. तुमच्या मंडळीत ते शास्त्र मानत नसले तरी मैत्रिणीबरोबर वाचायला हरकत नाही. तिला नीतिसूत्रे १७:२२ दाखवा, दोन्ही एकाच दिशेने बोलतात.

१४. ऑफिसात खोटी बिले लावायला सांगतात. नाही म्हटले तर नोकरी जाईल, हो म्हटले तर मन खाते. काय करू?

दानिएलाचा पहिला अध्याय वाचा. बाबेलच्या दरबारात नेल्यावर राजाचे अन्न खायचे नाही हे त्याने मनाशी ठरवले, पण अधिकाऱ्यापुढे तमाशा केला नाही. आधी विनंती केली. अधिकाऱ्याला स्वतःच्या जिवाची भीती आहे हे ओळखले. मग दहा दिवसांची परीक्षा सुचवली, म्हणजे समोरच्याला हो म्हणता येईल अशी वाट काढली. तुम्हीही आधी खरे बिल वेळेत तयार करून पुढे ठेवा. ‘मला यावर सही करता येणार नाही, पण हे असे करता येईल’ असे लेखी द्या आणि त्याची प्रत ठेवा. येशूने सापांसारखे चतुर आणि कबुतरांसारखे निरुपद्रवी व्हायला सांगितले (मत्तय १०:१६), चतुराई त्याने वगळली नाही.

तरीही नोकरी जाऊ शकते. हे लपवून मी तुम्हाला धीर देणार नाही. म्हणून दुसरी नोकरी आजपासूनच शोधा आणि मंडळीतल्या एक-दोन विश्वासू माणसांना सांगून ठेवा. अशा वेळी त्यांनी प्रार्थनेबरोबर महिन्याचा किराणाही भरायला हवा.

१५. घरात मी एकटीच येशूवर विश्वास ठेवते. गणपती-दिवाळीला मी काय करू? सासूबाई दुखावतात.

पूजेत भाग घ्यायचा की नाही, प्रसाद घ्यायचा की नाही, यावर मंडळ्यांची शिकवण सारखी नाही. पौलानेही मूर्तीला अर्पिलेल्या अन्नाबद्दल तीन अध्याय लिहिले आहेत (१ करिंथ. ८ ते १०), आणि त्यात विवेक आणि दुसऱ्याचे मन दोन्ही जपायला सांगितले आहे. आपल्या पाळकांशी किंवा फादरांशी बोलून ठरवा आणि एकदा ठरले की दरवर्षी नवे भांडण काढू नका.

जे निश्चित करता येते ते मनापासून करा. फराळाला सासूबाईंच्या शेजारी बसून करंज्या भरा. पाहुण्यांचे चहापाणी बघा. घर आवरा. तुमच्या विश्वासाबद्दल कोणी विचारले तर सौम्यतेने आणि आदराने सांगा (१ पेत्र ३:१५). विचारले नाही तर त्या दिवशी सांगू नका. अनेक घरांत सासूचे मन वादाने वळले नाही, आजारपणात रात्रभर उशाशी बसलेल्या सुनेमुळे वळले. निदान सुनेबद्दल तरी वळले, आणि तेही खूप आहे.

१६. शलमोन राजा जगात सर्वांत शहाणा, मग त्याचा शेवट असा का झाला? शहाणपण मागून उपयोग काय?

शलमोनाने तरुणपणी संपत्ती मागितली नाही, ऐकणारे, समजणारे मन मागितले आणि ते त्याला मिळाले (१ राजे ३). अकराव्या अध्यायात त्याच माणसाचे मन देवापासून फिरलेले दिसते. मिळालेले शहाणपण एका दिवसात गेले नाही. अनुवाद या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात राजाला तीन गोष्टींची मनाई आहे: घोडे वाढवू नयेत, बायका वाढवू नयेत, सोने-रुपे फार साठवू नये. आता १ राजे १० आणि ११ वाचा. तिन्ही गोष्टी एकामागून एक येतात, आणि आधी त्या वैभव म्हणून येतात. लोक त्याचे कौतुक करत होते तेव्हाच घसरण सुरू झाली होती.

अनुवादाच्या त्याच अध्यायात राजाने काय करावे हेही आहे: नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि आयुष्यभर रोज वाचावी (१७:१८-१९). प्रश्न ३ मधले वाचन पूर्ण करून ‘आता पुढे काय’ विचारणाऱ्यांना मी हेच सुचवतो. दोनशे पानी वही आणा, नीतिसूत्रांचा चौथा अध्याय काढा आणि रोज चार-पाच ओळी हाताने उतरवा. तेविसाव्या वचनाशी, जिथे सर्वांपेक्षा अंतःकरण जपायला सांगितले आहे, तिथे थांबा आणि तो आठवडा फक्त रात्रीची उजळणी (प्रश्न ५) करा.